सातव्या टोपीची रेघ

सुतारकाम शिकवणाऱ्या टाउनोने त्याची जुनी विद्यार्थिनी हिल्का हिच्या पत्राला उत्तर पाठवलं नव्हतं. नऊ वर्षं झाली होती. पत्रात तिने काढलेलं खुर्चीचं पेन्सिलचित्र होतं आणि खाली एकच ओळ : 'कशी झालीय? एक शब्द कळवा.' खुर्ची चांगली होती. मागचा पाय तेवढा बारीक होता. पण आपल्या मताला काय किंमत, असं वाटून त्याने लिहिलं नाही. शिवाय त्यांच्या देशात मास्तर गप्प राहिला की काम पसंत पडलं, असंच धरून चालतात. त्या वसंतात तळ्यावरचा बर्फ फुटला आणि हिल्का बुडाली.

निवृत्तीनंतर टाउनो दुपारी तांपेरे शहरातल्या एका प्रयोगशाळेत जाई. तिथे विद्यार्थी तारांच्या टोप्या घालून नव्या वस्तूंची चित्रं काढत आणि टाउनो चिठ्ठीवर अभिप्राय लिहून आत धाडी. अभिप्रायाची वाट पाहणाऱ्याच्या मेंदूची रेघ पडद्यावर चढे. चिठ्ठी वाचली की उतरे.

मंगळवारी सातवी रेघ चढली ती उतरेना.

"सात नंबर कुणाच्या डोक्यावर आहे?" टाउनोने विचारलं.

"कुणाच्याच नाही. टोपी खुंटीला आहे," यंत्र सांभाळणारी पिल्वी म्हणाली. "तार गेली असेल."

तिने तार बदलली. बुधवारी तारच काढून टाकली. गुरुवारीही रेघ वरच होती. टाउनोने टोपीत हात घातला. आतून ती ओली होती, आणि हाताला तळ्याच्या पाण्याचा वास लागला.

"वाट बघतंय बिचारं," कॉफी ओतत पिल्वी म्हणाली. "तुमच्या पिढीच्या तोंडून 'बरंय' ऐकायचं म्हणजे माणसाने आधी मरायला हवं."

ती हसली. टाउनोने कप न उचलताच कोट घातला.

घरी त्याने तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं : 'चांगली झालीय. मागचा पाय थोडा जाड कर.' पाकिटावर हिल्काचा जुना पत्ता घातला. तिचं चित्र पिशवीत घेऊन तो कोपऱ्यावरच्या नारिंगी टपालपेटीपाशी गेला.

पाकीट आत पडलं.

फोन वाजला. पिल्वी होती.

"टाउनो, सातवी उतरली. आत्ताच. तुम्ही काही केलंत का?"

त्याने पिशवीतून चित्र काढलं.

मागचा पाय जाड झाला होता. त्याने अंगठा फिरवला.

शिसं ओलं होतं.