शेवटचे तीन टाके

"डोळे मिटा!"

कोणीतरी ओरडलं, आणि काही समजायच्या आत चामड्याचा एक जाडजूड हातमोजा माझ्या डोळ्यांवर येऊन बसला. करपलेला वास... आणि अगदी कानाशी एक आवाज, "वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यांनी बघताय? उद्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होईल!"

"आधी हात काढा!"

"समोरचं काम थांबू दे, मग काढतो."

माझी छाती इतकी धडधडत होती की बाकी काही ऐकूच येईना. हात निघाला तेव्हा समोर एक उंच तरुण उभा होता. कपाळावर काजळी, चेहऱ्यावर खरीखुरी काळजी. तंत्रविद्यालयातला माझा पहिला दिवस असा सुरू झाला.

पूर्वी तो बेकरीचा टेम्पो चालवायचा. मी त्याला हातमोजा म्हणू लागले. मी मावशीच्या शिलाईच्या दुकानातून आलेय हे कळल्यावर त्यानेही लगेच परतफेड केली, आणि वर्गभर मी शिंपीणबाई झाले!

मावशी मायाळू, पण जन्मभर लोकांच्या पँटी आखूड करत बसायचं या विचारानेच माझा जीव गुदमरायचा. "सहा महिने तुझं मशीन रिकामं ठेवते," मावशीने सांगितलं होतं. "पास झालीस तर माझा आशीर्वाद. नाहीतर मुकाट्याने येऊन बसायचं." मी हो म्हटलं.

गावाबाहेरच्या बॉयलर कारखान्याला वेल्डर मिळत नव्हते आणि आमच्यासारख्यांना काम मिळत नव्हतं. म्हणून कारखान्याने आणि विद्यालयाने मिळून हा वर्ग काढलेला. कारखान्याने यंत्रं दिली, काय शिकवायचं तेही दोघांनी बसून ठरवलं. शेवटच्या परीक्षेत पास होईल त्याला सरळ नोकरी! वर्गात दोन मुलांची आई होती, पन्नाशी उलटलेले ड्रायव्हरकाका होते. काका तर रोज सगळ्यांच्या आधी येऊन बसायचे.

हातमोजा माझ्या शेजारी काम करायचा. मध्ये फक्त एक जाड पडदा... आणि तो पडदा सारखा बाजूला व्हायचा.

"शिंपीणबाई, जोडाच्या शेवटी हे तीन ठिपके कसले?"

"टाके आहेत. शिवण संपली की मशीन मागे घेऊन टाका पक्का करतात. तीच सवय लागलीय."

"लोखंड काय उसवतंय?"

"तुमचं उसवेल! किती ती घाई!"

सर मात्र म्हणाले, असू दे, त्याने शेवटाला खड्डा राहत नाही. यावर हातमोजा असा काही हसला की...

"ती तोंडावरची काच खाली करा," मी म्हणाले.

"का? मी तर काम थांबवलंय."

"तुमच्या हसण्याने डोळ्यांना त्रास होतो."

त्याने काच खाली केली. कान तेवढे बाहेर राहिले, ते लाल झाले होते. मला काम आवडायला लागलं होतं आणि तोही. आधी काय आवडलं, देव जाणे!

परीक्षेच्या दिवशी कारखान्याच्या इंजिनिअर बाई आल्या. प्रत्येकाला लोखंडाच्या दोन पट्ट्या मिळाल्या, खालच्या बाजूला नंबर ठोकलेला. माझा सतरा, त्याचा अठरा. पट्ट्या जोडायच्या, मग बाई तो जोड यंत्रात घालून वाकवणार. चीर पडली की नापास. आम्ही पट्ट्या घासून मधल्या बाकावर ठेवल्या, तेवढ्यात सरांनी हाक मारली. हाताला लागल्या त्या उचलून आम्ही दोघं पळालो.

दुपारी सगळे यंत्राभोवती गोळा झालो.

"सतरा नंबर..." कट्ट! "चीर पडली. नापास."

डोळ्यांपुढे मावशीचं ते रिकामं मशीन उभं राहिलं.

"अठरा नंबर... वा! सगळ्यात सुंदर जोड. कोणाचा हा?"

हातमोजा पुढे झाला. वाकलेला तुकडा हातात घेऊन त्याने उलटसुलट बघितला. "बाई, हा माझा नाही. त्यांचा आहे. आमच्या पट्ट्यांची अदलाबदल झालीय."

"नंबर तर तुमचाच आहे. कशावरून म्हणताय?"

"शेवटी तीन ठिपके आहेत, बघा. मागे वळून घातलेले." त्याचे कान पुन्हा लाल झाले. "सहा महिने मी दुसरं बघितलंय तरी काय?"

सगळा वर्ग एकदम "ओहो!" करून ओरडला. ड्रायव्हरकाकांनी तर टाळी वाजवली. बाईंनी हसू दाबत दोघांनाही आपल्यासमोर पुन्हा जोड करायला लावला. माझ्या जोडाच्या शेवटी तीन टाके बरोबर पडले आणि वाकवल्यावरही तो टिकला. त्याच्या जोडाला पुन्हा चीर पडली. "तुम्ही सोमवारपासून कामावर या," बाई मला म्हणाल्या. "आणि तुमची पंधरा दिवसांनी फेरपरीक्षा," त्या त्याला म्हणाल्या.

फाटकाबाहेर आल्यावर मला हसू आणि रडू एकदमच फुटलं. "वेडे आहात का? गप्प बसला असतात तर नोकरी तुमची होती!"

"नव्हतीच माझी. तुमची होती."

मी मावशीला फोन लावला. "मावशी, ते मशीन दुसरीला दे! मी पास झाले!"

मावशीचा आवाज असा की फोन हातभर लांब धरावा लागतो. "शाब्बास गं पोरी! आणि तो हातमोजा? रोज ज्याचं पुराण लावतेस, तो झाला का पास?"

मी घाईघाईने फोन बंद केला.

"रोज?" तो म्हणाला.

"मावशीला वाढवून सांगायची सवय आहे."

"मला पण एक सांगायचंय... पण फेरपरीक्षा पास झाल्यावर."

"मी नाही हं इतकं थांबणार. आत्ता सांगा!"

तो खाली बघत हातमोज्यांशी चाळा करत राहिला. "पहिल्या दिवशी तुमचे डोळे झाकले ना... तेव्हा समोरचं वेल्डिंग लगेच थांबलं होतं. मीच हात काढला नाही."

"अस्सं?" माझी छाती पुन्हा तशीच धडधडायला लागली. "उद्या सकाळी सातला इथे हजर राहायचं. तुमची घाई मी घालवते, पंधरा दिवसांत."

"आणि... उत्तर?"

"डोळे मिटा."

त्याने मिटले. मी टाचा उंचावून माझा तळवा त्याच्या डोळ्यांवर ठेवला. आजूबाजूला कुठेही वेल्डिंग चालू नव्हतं. तरी मी बराच वेळ हात काढला नाही.