सातवी भट्टी

गोंदियाहून निघालेली पॅसेंजर दरेकसा स्टेशनवर थांबली तेव्हा साडेनऊ झाले होते. फेब्रुवारीतला रविवार. मी पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता. आठवडाभर चोरखमाऱ्याच्या तलावाची पातळी मोजायची आणि सुटीच्या दिवशी लपवलेले डबे शोधायचे, हा माझा छंद. कोणीतरी डबा लपवून त्या जागेचे अक्षांश-रेखांश मोबाईलवर टाकतं. आपण तिथे जायचं, डब्यातल्या वहीत नाव लिहायचं आणि तो पुन्हा जागच्या जागी ठेवायचा. याला जिओकॅशिंग म्हणतात.

हा डबा नागपूरच्या एका गृहस्थांनी लपवला होता. सोबत त्यांची टीप होती: दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारी लाकडी कोळशाच्या गॅसवर चालवत. त्या कोळशाच्या सात भट्ट्या इथल्या जंगलात आहेत. डबा सातवीच्या आत, मागच्या भिंतीतल्या कोनाड्यात.

वाट दाखवायला गावातल्या धनवंताबाई आल्या. पन्नाशीच्या, जन्म जंगलकामात गेलेला. दोन किलोमीटर आम्ही सागाचा पाचोळा तुडवत चाललो.

"इकडं कोनी येऊन नाई राहत," त्या म्हणाल्या.

"का?"

"असंच."

भट्ट्या विटांच्या, घुमटासारख्या. सहा ढासळलेल्या, त्यांच्यातून झाडं वर आलेली. सातवी शाबूत होती. सगळीकडे घोट्याएवढा पाचोळा, पण हिच्या दारापुढे एक पानही नव्हतं. वाऱ्याने उडालं असेल, असं मी धरून चालले. जळक्या लाकडाचा बारीकसा वास येत होता. तोही रानातल्या एखाद्या वणव्याचा असणार.

धनवंताबाई नाल्यावर पाण्याला निघाल्या. "मी येतपर्यंत आत नोका जाऊ, म्याडम."

मी गेले. दार कमरेएवढं, त्यातून रांगत. टॉर्चच्या उजेडात डबा लगेच दिसला. वहीत मी लिहिलं, रुचिका, दहा पन्नास. शेवटचा आकडा खाली घसरत गेला. कानशिलं ठणकू लागली होती.

कार्बन मोनॉक्साईडला रंग नसतो, वास नसतो. हे मला माहीत होतं. विस्तव विझून ऐंशी वर्षं झाली, हेही माहीत होतं. मी दाराकडे वळले आणि गुडघे हलेनात.

समोर दाराचा उजेड होता. पाठीमागे फक्त भिंत.

त्या भिंतीकडून कोणीतरी माझ्या काखेत हात घातले आणि मला पुढे ढकललं.

शुद्धीवर आले तेव्हा मी बाहेर कुशीवर होते. तोंड वाऱ्याकडे, ओढणी सैल केलेली, बूट काढून बाजूला ठेवलेले. धनवंताबाई चार हात लांब उकिडव्या बसल्या होत्या.

"तुम्ही काढलंत मला?"

"मी तं आत्ता आली," त्या म्हणाल्या. जवळ मात्र येईनात.

गोंदियात डॉक्टरांनी रक्त तपासलं. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपला होतात का, असं त्यांनी दोनदा विचारलं.

बुधवारी मी धनवंताबाईंना फोन केला. त्या भट्टीत काय झालं होतं, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "लढाईच्या वक्ताले ठेकेदाराले घाई होती. भट्टी थंडी नाई झाली तरी मानसं आत घातले. एक पडला. त्याले काढाले दुसरा गेला, मंग तिसरा. तिघंही आतच राह्यले."

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगतली असती तं तुमी हासल्या असत्या."

हसले असते. खरं आहे.

रात्रभर मनात एकच येत होतं: त्यांना काढायला कोणी उरलं नव्हतं आणि तरी त्यांनी मला काढलं. वहीत नुसतं नाव लिहून आलेल्या परक्या बाईला.

नागपूरच्या गृहस्थांना मी कळवलं. ते दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात अर्धा तास आत बसले होते, त्यांना काहीही झालं नव्हतं. तरीही त्यांनी ती जागा मोबाईलवरून काढून टाकली.

पुढच्या रविवारी मी नारळ आणि तांदूळ घेऊन पुन्हा गेले. धनवंताबाईंनी पानाच्या द्रोणातून मोहाची दारू जमिनीवर ओतली. मला देवापुढे बोलायची सवय नाही. दारापाशी वाकून मी म्हटलं, "तुमचे फार उपकार झाले. घरी पोचले मी." कितीतरी दिवसांनी इतकं हलकं वाटलं.

पुन्हा कोणी आत जाऊ नये म्हणून आम्ही दार बुजवायचं ठरवलं. ढासळलेल्या भट्टीच्या विटा धनवंताबाई देत होत्या, मी रचत होते. दुपारपर्यंत वर एका विटेएवढी फट राहिली आणि जवळच्या विटा संपल्या. त्या आणखी एक आणायला गेल्या.

मी हात झटकत उभी होते.

फटीतून घासल्याचा आवाज आला.

एक वीट आतून सरकत आली, फटीत नीट बसली आणि थांबली.

मग तिला आतून दोनदा हलकेच ठोकून ओळीत घेतलं गेलं.