दोन मजल्यांचा कोड

कॉफीच्या यंत्रापुढे रांग होती. तिच्या पुढचा मुलगा मित्राला सांगत होता, की वर कंपायलरमध्ये मॅक्रो उलगडणारा कोड ज्याने कुणी लिहिलाय, त्याने तो डोळे मिटून लिहिलाय.

"उघडे होते," ती मागून म्हणाली. "मीच लिहिलाय."

तो वळला. रिकामा कप या हातातून त्या हातात गेला आणि कान लालबुंद झाले. "मग... कॉफी आधी तुम्ही घ्या," एवढंच त्याला सुचलं.

कंपनी प्रोग्रॅमर लोकांसाठी साधनं बनवायची. तिचा गट तिसऱ्या मजल्यावर कंपायलर करायचा, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत नेणारा. त्याचा गट तळमजल्यावर डीबगर करायचा, म्हणजे चालता प्रोग्रॅम मध्येच थांबवून आत काय चाललंय ते दाखवणारा. मॅक्रो ही दोघांचीही डोकेदुखी. लांबलचक मजकुराला दिलेलं ते एक टोपणनाव; ते दिसलं की तिथे सगळा मजकूर उलगडून ठेवायचा. दोन्ही मजल्यांनी हे काम आपापल्या अकलेने केलं होतं, आणि आता लिफ्ट बनवणाऱ्या एका गिऱ्हाइकाला डीबगर एक आकडा दाखवत होता, तर लिफ्ट चालत होती भलत्याच आकड्यावर.

दुपारी तिने तपासून पाहिलं. चूक खालची होती. ती बाह्या सरसावूनच जिना उतरली. त्याने तिचं म्हणणं ऐकलं, स्क्रीन दोनदा वाचली आणि म्हणाला, "चुकलं माझं."

तिची सगळी हवाच गेली. भांडायला आलेल्या माणसाशी कुणी असं वागतं का?

एका घरात दोन चुली कशाला, असा विषय मग त्यानेच काढला. तिचा कोड चांगला आहे, तोच दोघांनी वापरावा. तिच्या साहेबांना हे फारसं रुचलं नाही. महिनाअखेरपर्यंत करा, म्हणाले, पण तेव्हा कोड तपासणारी जुनी एक जरी चाचणी मोडलेली दिसली, तरी ज्याचा कोड त्याच्याकडे.

काम किचकट होतं. कंपायलर फाइल पहिल्या ओळीपासून वाचत जातो. डीबगर मध्येच कुठेतरी थांबतो आणि विचारतो, या ओळीवर कोणत्या नावाचा काय अर्थ? तिचा कोड कंपायलरमधून अलगद सोडवून घ्यायला हवा होता. ती रोज खाली जाऊ लागली. त्याचं टेबल खिडकीशी. तिच्या स्क्रीनवर ऊन आलं, की तो वाद न थांबवता उठायचा, पडदा ओढायचा. बाहेर भुरभुर सुरू झाली, की तिला पाऊस दिसावा म्हणून न सांगता तो बाजूला सरकवायचा.

"तू ऐकूनच घेत नाहीस," एकदा तो म्हणाला आणि थबकला. "म्हणजे... तुम्ही."

"तू बरं वाटतं," ती स्क्रीनकडेच बघत म्हणाली.

ती ताईकडे राहायची. ताईला काही सांगावं लागलं नाही. "काय म्हणतोय तुझा तळमजला?" ताटात भात वाढताना ती विचारायची, आणि भावजी खाली मान घालून हसायचे.

मुदतीच्या दिवशी दुपारीच एक चाचणी मोडली. दोघांनी खूप शोधलं, चूक सापडेना. तो हळूहळू बोलायचाच बंद झाला. हरला बिचारा, असं वाटून ती साहेबांना सांगायला वर निघाली. दाराशी पोचली, तोच फोन वाजला.

"सांगितलंस त्यांना?"

"आता सांगतेय."

"नको सांगू. सापडलं."

ती धावतच खाली आली. एखादं नाव उलगडताना त्यावर खूण होत असे: हे उघडलेलं आहे, पुन्हा उघडू नकोस. कोड एका आडवाटेने बाहेर पडला, की ती खूण पुसायचीच राहत होती. त्याने एक ओळ घातली. चाचणी पार झाली.

ती खुर्चीत टेकली. त्याचा स्वतःचा, दोन वर्षं राबून लिहिलेला कोड अजून तिथेच होता. आज हे फसलं असतं, तर तोच टिकला असता. त्याने नुसतं गप्प बसायचं होतं.

"का शोधलंस?" तिने विचारलं.

"तुझा चांगला आहे," तो म्हणाला, आणि आपला कोड त्याने स्वतःच्या हाताने काढून टाकला. बोटं किंचित अडखळली. तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला, तो बराच वेळ तिथेच राहिला.

"आता मला खाली यायला काही कारण नाही," शेवटी ती म्हणाली.

"कारण लागतं?"

"लागतं. उगाच हिंडणाऱ्यांतली नाही मी."

तो पडद्याच्या दोरीशी चाळा करत राहिला. मग वळला. "मला तू आवडतेस... हे चालेल?"

आवाज तिने कसाबसा सांभाळला. "चालेल. पण इतके दिवस जिने मीच उतरतेय. हे वर येऊन सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. तिसरा मजला त्याने कधी पाहिलाच नव्हता. नेमका साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिला. आता काय मोडलं, साहेबांनी विचारलं.

"काही नाही मोडलं. मी यांना भेटायला आलोय."

साहेबांनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मग माझ्यापुढे काय उभा राहिलास? ती तिकडे बसते."

तिने शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.