हौशीच्या शेजारची जागा

शालनबाई दळण टाकायला निघाल्या होत्या. डबा उचलता उचलता त्यांनी सवयीने परसात डोकावलं. हौशी कोंबडी सकाळी टाकलेल्या दाण्यांकडे पाठ करून उभी होती. दाण्यांना तिने चोचही लावली नव्हती. शालनबाईंनी डबा खाली ठेवला, आणि दळण त्या दिवशी राहिलं ते राहिलंच.

कोथरूडमधल्या त्या जुन्या रो-हाउसांच्या रांगेत कोंबडी असलेलं हे एकच घर. हौस शालनबाईंच्या नवऱ्याची, संभाजीरावांची. जन्मभर स्वारगेटच्या डेपोत बसगाड्यांची इंजिनं उघडली, आणि निवृत्त झाल्यावर या गृहस्थाने काय करावं, तर परसात खुराडं बांधावं! पत्र्याचं छप्पर, पुढे दार, मागे एक लहानशी खिडकी. चार कोंबड्या आणल्या, आणि नातवंडांचंही कुणी केलं नसतं इतकं त्यांचं केलं. गेल्या वर्षी झोपेतच गेले. कोंबड्या मागे राहिल्या, आणि शालनबाईंचा दिवस त्यांच्यामागे जाऊ लागला.

मग या उन्हाळ्यात भर दुपारी मागच्या खिडकीतून मुंगूस शिरलं. तिघी गेल्या. हौशी तेवढी वाचली, कारण बाईसाहेब त्या वेळी स्वयंपाकघरात धुण्याच्या टोपलीत बसून अंडं घालत होत्या. शालनबाईंनी त्याच संध्याकाळी खिडकीवर फळी ठोकून घेतली.

तेव्हापासून हौशीचं काहीतरी बिनसलं होतं. तुरा फिका पडला, अंडी बंद झाली. ऊन उतरलं की ती आपणहून खुराड्यात जायची, आडव्या काठीवर अगदी मागच्या टोकाला बसायची, आणि तोंड करायची त्या फळीकडे. मग घशातल्या घशात आवाज काढायची. कुर्र... कुर्र... ओळखीचं माणूस दाणे घेऊन आलं की काढायची तसा. थोडं थांबायची, समोरचं बोलणं ऐकून घेतल्यासारखी, आणि पुन्हा कुर्र...

"आई, डॉक्टर काय म्हणाले?" कल्याणीने फोनवर विचारलं. लेक बाणेरला राहायची.

"आजार काही नाही म्हणाले. कळपातला जीव आहे, एकटा खंगत जातो. सोबत आणा म्हणाले."

"मग सिंपल आहे ना! शनिवारी मी भूगावहून दोन घेऊन येते."

"सिंपल तुझ्यासाठी. नव्या आल्या आणि त्यांनी हिलाच टोचून मारलं म्हणजे? अंगात जीव कुठे राहिलाय तिच्या?"

"आणि नाही आणल्या तर ती जगणार आहे का?"

शालनबाईंनी परसाकडे बघितलं. संभाजीरावांच्या हातचं जिवंत असं घरात आता एवढंच उरलं होतं. भिंतीपलीकडच्या रावसाहेबांनी कानावर पडलं तेवढ्यावर आपलं मत देऊन टाकलं. "करमत नाही का कोंबडीला? टीव्ही लावून द्या."

शनिवारी कल्याणी दोन तलंगा घेऊन आली, अजून अंड्यावर न आलेल्या, एक पांढरी आणि एक काळी. तिला ऑफिसचा कॉल होता, सकाळी येते म्हणाली आणि गेली. पिशवीतल्या चुळबुळीकडे बघत शालनबाई पायरीवर बसून राहिल्या.

रीत त्यांना माहीत होती. नवी कोंबडी उजेडात सोडायची नाही, रक्त निघेपर्यंत मारामारी होते. अंधार पडला, जुनी काठीवर पेंगली, की नवीला अलगद तिच्या अंगाला लागून बसवायचं. रातभर ऊब एक झाली की सकाळी जुनीला वाटतं, ही आपलीच. पण काम दोघांचं. शालनबाई पुढच्या दारातून कोंबडी आत धरायच्या, आणि खिडकीमागच्या बोळात उभे राहून संभाजीराव हात घालून ती घ्यायचे. उवा होऊ नयेत म्हणून बंबातली राख हाताला फासलेली असायची. कोंबडीला काठीवर ठेवून ते तिच्या पाठीवर तळवा थोपटायचे. थप... थप... थप. की ती बसलीच. आता बंब भंगारात गेला होता, खिडकीवर फळी होती, आणि बोळात कुणी नव्हतं.

दिवेलागण झाली. शालनबाईंनी परसातला दिवा बंद केला.

"रावसाहेब, आपला मागचा दिवा थोडा वेळ बंद करता का?"

"करतो. कोंबडीची झोपमोड नको व्हायला." पण दिवा बंद झाला.

खुराड्याचं दार उघडलं तसा भुशाचा, विष्ठेचा, दिवसभर तापलेल्या पत्र्याचा वास अंगावर आला. डोळ्यांत बोट घातलं तरी कळू नये असा अंधार. शालनबाईंनी पांढरीला दोन्ही हातांत धरलं आणि खांद्यापर्यंत आत वाकल्या. टोकाला हौशीचा श्वास ऐकू येत होता. हात पोचेना. आणखी रेटलं, पत्र्याची कड दंडात रुतली. वीतभर कमीच पडत होतं. पांढरीचे पाय हवेत काठी शोधू लागले. ती आता पंख फडफडवणार, हौशी दचकणार, आणि या अंधारात एकमेकींना...

हातातलं ओझं हलकं झालं.

पांढरी पडली नव्हती. धपका नाही, फडफड नाही. बाळंतिणीकडून मूल घ्यावं तसं कुणीतरी ती पलीकडून घेतली होती.

थप... थप... थप.

शालनबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. हात तसेच पुढे राहिले, मागे घ्यायचंही सुचेना. घरात पळावं, कडी लावावी, रावसाहेबांना हाक मारावी... पण आतून हौशीचा आवाज आला. कुर्र... कुर्र... त्या आवाजात भीती नव्हती. ती रोज कुणाशी बोलत होती, ते शालनबाईंना तेव्हा कळलं.

पायाशी पिशवीत काळी चुळबुळत होती. शालनबाईंनी ती उचलली. दोन्ही हात पुन्हा आत धरले.

"अहो..." वर्षभरात हा शब्द त्यांनी पहिल्यांदा उच्चारला. "ही दुसरी... जरा अवखळ आहे... सांभाळून घ्या."

काळीही गेली. जाताना काहीतरी खरखरीत, कोमट असं त्यांच्या बोटांना लागलं. थप... थप... थप. आणि अंधारात राखेचा वास भरून राहिला.

"बरं झालं आलात," शालनबाई म्हणाल्या. "मला एकटीला नसतं जमलं हो." मग त्यांनी दार ओढून घेतलं, आणि तिथेच मातीत बसून पोटभर रडल्या.

सकाळी दार उघडलं तर हौशी पुढे, आणि दोघी तिच्या मागे. मारामारी नाही, काही नाही. हौशीने दाणे टिपले, मग बाजूला सरून नव्यांना जागा दिली. पांढरीच्या पाठीवर राखेचा पंजा उमटला होता, पाचही बोटं स्पष्ट. शालनबाईंनी बोळात डोकावून बघितलं. खिडकीवरची फळी जागच्या जागी होती, आणि बोळाच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं न तुटता तसंच. त्यांनी खुराड्याला हात जोडले. इतकं हलकं त्यांना वर्षभरात वाटलं नव्हतं. घरात येऊन त्यांनी न्हाऊन घेतलं आणि नवं पातळ काढून नेसलं.

कल्याणी आली ती थेट परसात. तिघींना एका ओळीत माती उकरताना बघून तिने टाळ्याच वाजवल्या.

"आई, भारीच! एकटीने कसं जमवलंस?"

"जमलं," शालनबाई हसून म्हणाल्या. "देवाची कृपा म्हणायची. चल, चहा टाकते." आणि त्या आत जायला वळल्या.

"आई, थांब जरा."

"काय गं?"

"आत्ताच अंघोळ केलीस ना तू?" कल्याणीचा आवाज एकदम खाली आला. "मग पाठीवर ही राख कसली...? हाताचा ठसा आहे, आई."

शालनबाई वळल्या नाहीत. पाठीमागे परसात हौशी खुराड्याच्या दारात उभी होती आणि त्यांच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत कुर्र... कुर्र... करत होती.