कठड्यावरची काजळी

राजनंदिनीला विहिरीतून वर काढलं तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. शिरूरहून आलेल्या फौजदार सोनम कोळेकर वाकल्या आणि त्यांनी तिचे हात उलटे करून पाहिले. बोटांची टोकं सोलवटली होती. नखांत गंज होता.

"पाण्याच्या मोटारीच्या पाइपाला धरलं असंल," हवालदार बबनराव म्हणाले.

"जीव द्यायला आलेली बाई पाइप धरेल?"

"पाण्यात पडल्यावर समदेच धरत्यात, मॅडम."

तेही खरंच होतं.

कवठे येमाईच्या शिवारातली एकांडी वस्ती. घर, विहीर, आणि विहिरीच्या कठड्याकडं पाठ करून उभी असलेली जुनी इम्पाला गाडी. लांबलचक, मागं दोन सायलेन्सर. राजनंदिनीचा नवरा सत्यजीत गाडीला टेकून उभा होता.

"तुम्ही कधी आलात?" सोनमनी विचारलं.

"सातला. काल वरवंडला हळदीला गेलो होतो. उशीर झाला, म्हणून हायवेच्या ढाब्यावर गाडीतच झोपलो. पहाटे निघालो तो थेट इथं."

"मग?"

"गाडी लावली, लगेच बंद केली. घरात ही नाही. विहिरीत डोकावलो तर..."

"काही भांडण?"

"छे. डोक्यानं जरा हळवी होती, एवढंच."

बबनरावांनी सोनमना बाजूला घेतलं. "म्या सव्वासातलाच आलो, यांचा फोन आला तवा जवळच व्हतो. बॉनेटला हात लावून बघितला. गरम व्हतं. माणूस खरं बोलतोय."

सोनम घरात गेल्या. पलंगाखाली भरलेली बॅग होती. स्वेटर, दातांचा ब्रश, डीएडचं सर्टिफिकेट. मोबाइलवर दौंडच्या भावाचा, विश्वजीतचा मेसेज होता: 'ताई, नऊपर्यंत पोचतो. तयार राहा.'

स्वेटर घेऊन कुणी मरायला जात नाही.

बांधापलीकडं नकुशीबाई म्हैस धूत होत्या.

"मावशी, सकाळी काही ऐकलंत?"

"गाडीचा आवाज. लई मोठा. रेस करीत व्हते, धा-पंधरा मिन्टं."

"गाडी रस्त्यानं येताना ऐकली?"

"न्हाई बा. एकदम हितंच सुरू झाली."

"बाईचा आवाज?"

"गाडीम्होरं कशाचा ऐकू येतोय!"

सोनम परत आल्या त्या थेट गाडीमागं जाऊन बसल्या. सायलेन्सरच्या एका नळीत बोट घातलं. बोट ओलं आणि काळं होऊन बाहेर आलं. दुसऱ्या नळीच्या ओठावर थेंब लोंबत होता. त्यांनी मान वळवली. चुन्यानं रंगवलेल्या कठड्यावर, नळ्यांच्या बरोबर समोर, काळ्या पाण्याचे दोन फवारे उमटले होते.

"सत्यजीतराव, इकडं या."

तो आला.

"माझे वडील, म्हस्कूआबा, तीस वर्षं वडापची प्रवासी जीप चालवायचे. थंडीत गार गाडी चालू केली की सायलेन्सरमधून पाणी टपकतं. इंजिनाच्या वाफेचं गार नळीत पाणी होतं, काजळी घेऊन बाहेर पडतं. गाडी तासभर पळाली की नळी तापते आणि पार कोरडी होते. तुम्ही वरवंडहून आलात ना?"

"हो."

"मग हे पाणी कुठून आलं?"

सत्यजीतनं नळ्यांकडं पाहिलं.

"गाडी वरवंडहून सकाळी आलीच नाही. तुम्ही रात्रीच आलात, आणि सकाळपर्यंत ती इथंच गार पडली. बॉनेट तापलं ते उभ्या उभ्या रेस करून. बबनरावांना ते पटलं."

बबनरावांची मान खाली गेली.

"राजनंदिनी आज भावाबरोबर जाणार होती, कायमची. ते तुम्हाला कळलं. सकाळी ती पाण्याला आली तेव्हा तुम्ही तिला ढकललंत. पण ती लगेच बुडाली नाही. पाइप धरून ओरडत राहिली. बांधापलीकडं नकुशीबाई जाग्या होत्या. म्हणून तुम्ही गाडी चालू केलीत, आणि पाठ विहिरीकडं करून रेस करत बसलात."

मग सत्यजीतनं खिशातून रुमाल काढला आणि नळीच्या ओठावरचा थेंब टिपला.

"बायको पळून गेली, असं गावानं म्हणायचं? आमच्या घराण्यात?"

"किती वेळ ओरडत होती?"

"घड्याळ नाही बघितलं. मधे एकदा गाडी बंद करून ऐकलं. 'अहो, हात द्या' म्हणत होती. मग परत चालू केली."

"आणि मग?"

"मग आवाज बंद झाला." तो रुमालाची घडी घालत होता. "गाडीपण बंद केली. पेट्रोल कशाला जाळायचं?"

बबनरावांनी बेडी काढली. ती सत्यजीतच्या हातांत घातली.

वस्तीच्या वाटेवर एक जीप वळली. विश्वजीत खाली उतरला आणि दारातली माणसं बघून तिथंच थबकला. सोनमनी हातावरचं काळं पुसलं आणि त्याच्याकडं चालू लागल्या.