धुवणाच्या पाण्याची बशी

दिवा राहू दे रे, मोबाइल तेवढे खाली ठेवा. मध्येच फिदीफिदी केलंत तर मी उठून जाईन, आधीच सांगतो.

माझा धाकटा मेहुणा प्रयोगशाळेत होता. पानांच्या आत राहणारी बुरशी बाहेर काढून वाढवायची, हे त्याचं काम. पान निर्जंतुक करायचं, तीनदा धुवायचं, तुकडे काचेच्या बशीत वाढीला ठेवायचे. शेवटच्या धुवणाचं पाणीसुद्धा एका वेगळ्या बशीत ओतायचं. त्या बशीत काही उगवता कामा नये. उगवलं, तर पान नीट धुतलं गेलं नाही, सगळी मेहनत वाया.

मंगळवार होता, रात्रीचे सव्वादहा. त्याची सहा वर्षांची लेक तापाने दवाखान्यात. बायको म्हणाली, "बशा बघून या तुम्ही, मी आहे इथे." अर्ध्या तासाचं काम.

बघता बघता धुवणाची बशी हातात आली. कडेला पाच पांढरे ठिपके. सकाळी कोरी होती. स्वतःलाच शिव्या घालत त्याने वहीत नोंद केली. मान वर करतो, तर ठिपक्यांची बोटं झालेली.

बुरशीला वाढायला दिवस लागतात, पोरांनो. ही तर... डोळ्यांदेखत.

मग तळवा उमटला. छोटा. उजवा. करंगळी जराशी वाकडी.

लेकीची तशीच होती.

त्याने बायकोला फोन लावला.

"झोपलीय," बायको म्हणाली. "हात माझ्या हातातच आहे तिचा."

मग हा...?

फोन कानाला तसाच. दुसरा हात मात्र सवयीने चालला. नको ते उगवलं, की ते मारायला ब्लीच ओतायचं. वीस वर्षांची सवय. ओतलं.

बशीतली बोटं... मिटली.

"अहो," पलीकडून बायको म्हणाली. "हिने मूठ का..."

मग फोनवर तिचा हंबरडा. पोर गेली.

डॉक्टर म्हणाले, ताप डोक्यात गेला. असेल. मेहुणा मला अजून एकच विचारतो, "भाऊजी, ती मला धरायला आली होती का हो?" काय सांगू त्याला?

त्या पहाटे मी दवाखान्यात पोचलो. आई पोरीचा हात सोडेना. शेवटी मीच सोडवला, मूठ उघडली. तळव्याला ब्लीचचा वास येत होता. नर्सबाई म्हणाल्या, या खोलीत रात्रभर ब्लीच आलंच नाही.