मोजणाऱ्याला हाक मारू नये

भर दुपारची वेळ होती, दुकानाचं शटर पुरतं वर होतं आणि समोरच्या फुटपाथवर लख्ख ऊन पडलं होतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. असल्या गोष्टी अंधारातच घडतात असं मानणारे लोक फार, आणि हे सगळं घडलं उजेडात, घड्याळजीच्या टेबलावर, दोन शहाण्यासुरत्या माणसांच्या डोळ्यांदेखत.

ताईचे वडील घड्याळजी होते. ते गेल्यावर दुकान, भिंगं, चिमटे आणि त्यांच्या सवयी असं सगळंच ताईकडे आलं. त्यातली एक सवय महाघाणेरडी होती. घड्याळाचं मागचं झाकण उघडलं की त्याखाली एक बारीक रबरी वायसर असतो, पाणी आत जाऊ नये म्हणून. वडील तो काढून खालच्या ओठाच्या आत चिकटवून ठेवत. दोन्ही हात मोकळे राहतात, केसाएवढं ते कडं हरवत नाही, आणि "लाळेसारखं तेल नाही" असं वर ठासून सांगायचे. आई शिसारी येऊन उठून जायची. ताईनेही लहानपणी नाक मुरडलं होतं, पण विशीत पोचेपर्यंत ती स्वतः तेच करायला लागली. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

दुसरी गोष्ट म्हणजे घरचा कायदा होता. मोजणाऱ्याला हाक मारायची नाही. झाकण बसवताना फेरे मोजायचे, यंत्राचे ठोके मोजायचे, आणि मध्ये कुणी बोललं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. ताई आणि तिचा धाकटा भाऊ या कायद्यातच वाढले. एकदा धाकट्याचं बोट दारात चेमटलं, तरी वडिलांचे फेरे संपेपर्यंत पोरगं ओठ चावून गप्प उभं राहिलं होतं. ही आठवण घरात हसून सांगितली जायची.

त्या दुपारी आला तो हाच धाकटा. आता चाळिशीला टेकलेला, पोहायला शिकवणारा, रुंद खांद्यांचा आणि तोंडाची टकळी कधी बंद न होणारा. आत पाऊल टाकतानाच खोकला. ओला खोकला होता, भरलेलं पातेलं हिंदकळावं तसा.

"आठ दिवस झाले, जातच नाहीये गं," तो म्हणाला. "ते सोड. हे बघ! आहे की नाही राजेशाही?"

मनगटावर जड पोलादी घड्याळ होतं. गडद निळी तबकडी, जाड काच. नवं घ्यायचं तर भल्याभल्यांना नाव नोंदवून थांबावं लागतं असलं. याने ते आठ दिवसांपूर्वी जुन्या घड्याळांच्या दुकानातून उचललं होतं.

"पहिल्या मालकाने तीस वर्षं हातातून काढलं नाही म्हणे," धाकटा कौतुकाने सांगत होता. "झोपेत नाही, अंघोळीला नाही. शेवटी घरच्यांनी काढलं, तो गेल्यावर. उद्या तलाव उघडतोय, तेवढं पाण्यात चालेल का ते बघून दे."

"उद्या उघडतोय? म्हणजे बंद होता?"

"आठ दिवस. सफाई चाललीये."

ताईने त्याचा हात दिव्याखाली ओढला. पट्ट्याची कडी उघडली तरी घड्याळ सुटेना. जरा जोर लावला तेव्हा चिखलातून पाय निघावा तसा आवाज करून ते सुटलं, आणि खालची कातडी दिसली. पांढरीफटक, फुगलेली, सुरकुत्यांनी भरलेली. दिवसभर पाण्यात राहिलेल्या बोटांची होते तशी. आठ दिवसांत तलावात न उतरलेल्या माणसाची ती कातडी होती. तिचा एक पापुद्रा झाकणाला चिकटूनच आला.

"शी! अंघोळ करतोस की नाही?"

"दोनदा करतो. कितीही पुसलं तरी तिथे ओलंच होतं."

लोकांच्या मळाची ताईला किळस नव्हती. कड्यांमध्ये साचलेला घाम, साबण, मेलेली कातडी हे सगळं काडीने उकरून काढण्यातच तिचं आयुष्य गेलं होतं. पण तो मळ थंड असतो आणि कोरडा असतो. हा कोमट होता. काडी घातली की मऊपणे बाहेर यायचा, करडा, लोण्यासारखा. पुसून घ्यावा तर त्याच फटीत पुन्हा भरलेला. वास यायचा तो महिनाभर फुलदाणीत राहिलेल्या पाण्याचा. तिसऱ्यांदा पुसूनही फट भरलेलीच. तिने काडी फेकली आणि हात साबणाने दोनदा धुतले.

मग तिने तपासणीचं भांडं पुढे ओढलं. जाड पारदर्शक भांडं, अर्धं पाण्याने भरलेलं. घड्याळ आधी वरच्या दांड्याला, पाण्याच्या वर टांगायचं, पंपाने आत हवा दाबायची आणि काही मिनिटं थांबायचं. कुठे फट असेल तर दाबलेली हवा घड्याळात शिरते. नंतर घड्याळ पाण्यात सोडून दाब हळूहळू कमी करायचा. आत शिरलेली हवा बुडबुडे होऊन बाहेर येते आणि फट सापडते. मात्र पहिला बुडबुडा दिसला की घड्याळ ताबडतोब वर ओढायचं. उशीर झाला तर हवा गेली तिथून पाणी आत शिरतं. नवशिक्यालाही हे पहिल्या दिवशी सांगतात.

ताईने घड्याळ पाण्यात सोडलं. मागे खुर्चीत धाकट्याची बडबड चालू होती, कुठल्याशा शिष्याची, पाण्याला घाबरणारा मासा म्हणून तो त्याची टिंगल करत होता.

पहिला बुडबुडा मागच्या झाकणाच्या कडेने निघाला. ताईचा हात दांड्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

बुडबुड्यांची एक माळ आली आणि थांबली. पुन्हा माळ आली. पुन्हा थांबली. अशी फट तिने जन्मात पाहिली नव्हती. घड्याळात हवा मावते ती चमचाभर, आणि इथे तर लोटाभर निघून गेली असेल. तरी माळा येतच होत्या, ठरावीक वेळाने. घड्याळजीला नियमित काही दिसलं की राहवत नाही. तिची नजर भिंतीवरच्या सेकंद काट्याकडे गेली आणि ती मोजायला लागली. एक माळ. चार सेकंद. दुसरी माळ. चार सेकंद.

मागची बडबड अडखळली. "...म्हणून मी त्याला म्हटलं... की... ताई..."

"गप्प बस. मोजतेय."

तो गप्प बसला.

पाच सेकंद. सहा. माळा आता लहान होत चालल्या होत्या. आठ सेकंद. ताई पुढे वाकली. भांड्यातलं पाणी गढूळ झालं होतं, आणि बुडबुडे वर येऊन फुटत होते तिथून तोच फुलदाणीचा वास येत होता. त्या वासातच आणखी काहीतरी होतं, ओळखीचं. बडीशेप. धाकट्याला जेवणानंतर बडीशेप चघळायची सवय होती.

ती गर्रकन वळली.

धाकटा खुर्चीत ताठ बसला होता. ओठ निळे पडलेले, डोळे तिच्यावर खिळलेले, नाकातून गढूळ पाण्याची धार लागलेली. एक हात वर उचललेला होता, शाळेत परवानगी मागावी तसा. पण त्याने हाक मारली नव्हती. ताई मोजत होती ना.

तिने दांडा ओढून घड्याळ पाण्याबाहेर काढलं. त्याच क्षणी धाकट्याच्या छातीत हवा शिरली, फाटक्या कापडासारखा आवाज करत. तो गुडघ्यांवर कोसळला आणि ओकला. ओकला ते पाणी होतं. कोमट, करडं, लोण्यासारखे गोळे असलेलं पाणी, लादीभर.

"आत... अजून आहे..." तो कसाबसा म्हणाला. "खोल ते... आत पाणी गेलंय..."

तो घड्याळाबद्दल बोलतोय की स्वतःबद्दल, हे विचारायची ताईची छाती झाली नाही. तिने किल्ली लावून झाकण फिरवलं. आत पाण्याचा थेंब नव्हता. यंत्र कोरडं, चकचकीत, टिकटिकत होतं. वायसर तेवढा ओला होता. तिने तो चिमट्याने उचलला, आणि धाकट्याचा तोल गेला. त्याचं डोकं टेबलाच्या कोपऱ्यावर आपटणार होतं. दोन्ही हात हवे होते. ताईने हात मोकळे केले, भावाला धरलं, अलगद भिंतीला टेकवून बसवलं.

मग तिला कळलं की तोंडात काहीतरी आहे.

ते रबर नव्हतं. रबर गार लागतं. हे कोमट होतं, मऊ होतं, आणि ओठाच्या आत ते स्वतःहून नीट बसत होतं. ती थुंकली. बोट घालून ओढलं. पुन्हा थुंकली. लादीवर फक्त लाळ पडली.

धाकट्याचा खोकला थांबला होता. त्याने एक खोल श्वास घेतला, मग दुसरा, आणि आश्चर्याने छातीवर हात ठेवला. "अगं, मोकळं झालं! आठ दिवसांत पहिल्यांदा!" मनगटही सुकलं होतं. ताईला रडूच फुटलं. भाऊ वाचला होता, बाकी काय व्हायचं ते होवो.

"हे घड्याळ तू पुन्हा घालायचं नाहीस," ती म्हणाली.

"नाही घालत बाई. तू म्हणशील तसं."

तो तोंड धुवायला आत गेला. ताईने नवा वायसर बसवला आणि सवयीने झाकण फिरवायला घेतलं. साडेतीन फेरे. एक. दोन. तीन. आणि शेवटच्या अर्ध्या फेऱ्याला तिचा श्वास अडकला. नाकातोंडावर कुणी ओला तळहात दाबावा तसा. तिने अर्धा फेरा मागे घेतला. श्वास आला. पुन्हा आवळून पाहिलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पाहायची तिला गरज नव्हती, तरी पाहिलं, आणि घाईघाईने झाकण सैल करून घड्याळ टेबलावर उघड्या हवेत ठेवलं. लांबून पाहिलं तर काचेच्या आतून धुकं धरत होतं आणि विरत होतं. तिने श्वास रोखला. धुकं थांबलं.

धाकटा बाहेर आला तशी ती आत मोरीपाशी गेली. आरशासमोर खालचा ओठ उलटा केला. आतल्या गुलाबी कातडीवर एक फिकट कडं होतं, जन्मखुणेसारखं कातडीत मुरलेलं. तिने नखाने खरवडलं. टॉवेलने घासलं. रक्त आलं, कडं हललं नाही. तोंडात फुलदाणीची चव भरत चालली होती. याला सगळं सांगायचं, तिने ठरवलं. आत्ता, लगेच. त्या घड्याळाला हात लावू नको म्हणून सांगायचं.

बाहेरून धाकट्याचा दणदणीत आवाज आला, अगदी पूर्वीसारखा.

"ताई, कमाल आहे तुझी! झाकण सैलच ठेवलंस? बाबांनी फोडून काढलं असतं. थांब, मी बसवतो."

"न..." एवढंच तिच्या तोंडून निघालं. ओठ ओठाला चिकटला होता.

ती दारापर्यंत पोचली. उजेडात, टेबलापाशी, तो तिच्याकडे पाठ करून उभा होता, खांदे रुंद, किल्लीवर वाकलेला. तिने दाराची चौकट धरली आणि तळहाताने दोनदा थापटली.

धाकट्याने मागे न बघता मोकळा हात वर केला, वडील करायचे तसाच.

"गप्प बस गं. मोजतोय."